दाखला आणि दंडक

कायद्याचीं पुस्तकें वाङ्मयांत जमा धरावींत कीं नाहीं, हा प्रश्न आमच्या बहुतेक वाचकांना पडतच नसेल. वकिलाच्या दिवाणखान्यांत भिंतभर मांडलेले ते जाड ग्रंथ पाहिले, कीं घरांतील माणसें त्यांना पुस्तकें न म्हणतां सामान समजतात. आणि ज्यांचा त्यांच्याशीं रोजचा संबंध येतो ते वकीलही त्यांच्याकडे हत्यार म्हणून पाहतात, वाचावयाची वस्तु म्हणून पाहत नाहींत. हत्यार बोथट झालें कीं तें फडताळांत जातें आणि त्याच्या जागीं नवें येतें. त्यामुळें इंग्लंडांतील जुन्या न्यायालयांच्या कामकाजाचीं जीं टिपणें सहासातशें वर्षें टिकून राहिलीं आहेत, त्यांचा विचार साहित्यदृष्टीनें करूं जातां कोणी हंसेल, हें आम्ही जाणून आहों. तरीही तो विचार आज करावयाचें आम्हीं योजिलें आहे. कारण या टिपणांनीं केवळ भांडणांची हकीकत सांगितलेली नाहीं. कोणतें बोलणें प्रमाण मानावें, कितपत मानावें आणि कोणाच्या भरंवशावर मानावें, हा प्रश्न त्यांनीं पिढ्यान् पिढ्या हाताळला आहे. तो न्यायालयापुरताच आहे असें कोण म्हणेल?

इंग्रजी कायदा म्हणजे दाखल्यांचा कायदा, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. वरच्या न्यायाधीशानें एकदां निवाडा दिला कीं खालच्यानें तो डोळे मिटून उचलावा, आणि ही रीत तेथें अनादिकालापासून चालत आलेली आहे, असें पुष्कळ सुशिक्षित लोकही मानतात. या समजुतीला आमच्याकडे एक व्यावहारिक कारण आहे. 1862 सालीं मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें हायकोर्टें स्थापन झालीं. 1875 च्या कायद्यानें त्यांच्या निवाड्यांच्या अधिकृत प्रसिद्धीची सोय झाली. आणि 1950 सालीं अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या 141 व्या कलमानें सर्वोच्च न्यायालयानें सांगितलेला कायदा देशांतील सर्व न्यायालयांवर बंधनकारक ठरविला. दाखला आणि दंडक हीं एकाच वस्तूचीं दोन नांवें आहेत असें अशा वातावरणांत वाटूं लागावें, यांत नवल नाहीं. पण जुनीं पुस्तकें उघडून पाहिलीं तर चित्र निराळें दिसतें. तेथें दाखला भरपूर आहे. परंतु तो साक्षीदारासारखा उभा आहे. साक्षीदाराचें ऐकून घ्यावयाचें असतें, त्याला उलट प्रश्न विचारावयाचे असतात, आणि पटलें तर त्याच्यावर विश्वास ठेवावयाचा असतो. या साक्षीदाराचा धनी कसा झाला, तें आम्हांस येथें पाहावयाचें आहे.

आरंभ तेराव्या शतकांतील हेन्री ब्रॅक्टन याच्यापासून करणें युक्त होईल. इंग्लंडच्या कायद्यांवर व रूढींवर त्याच्या नांवानें चालणारा एक मोठा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध आहे. त्याचा पुष्कळसा भाग ब्रॅक्टनच्या आधींच्या पिढींतच रचला गेला असावा आणि त्यानें तो पुढें वाढविला व सुधारला असावा, असें अलीकडील संशोधकांचें मत आहे. या ग्रंथांत सुमारें पांचशें खटल्यांचे दाखले आहेत. 1884 सालीं पॉल व्हिनोग्राडॉफ या रशियन पंडितास ब्रिटिश म्यूझियममध्यें एक हस्तलिखित आढळलें. त्यांत सुमारें दोन हजार खटल्यांच्या नकला होत्या, आणि ब्रॅक्टनच्या ग्रंथाची ही कच्ची सामग्री होय हें त्यानें ओळखलें. केंब्रिजच्या फ्रेडरिक मेटलंडनें 1887 सालीं तें तीन भागांत छापून काढलें. या नकला प्रामुख्यानें मार्टिन पॅटिशल व विल्यम रॅली या दोन जुन्या न्यायाधीशांच्या दप्तरांतील आहेत. आपल्या काळचे कांहीं न्यायाधीश पुरतें शिकण्याआधींच न्यायासनावर चढून बसतात आणि कायद्याऐवजीं स्वतःच्या मर्जीनें निकाल देतात, अशी तक्रार ग्रंथाच्या आरंभींच केलेली आहे. त्यावर उपाय म्हणून जुन्या चांगल्या माणसांचे निवाडे पुढें मांडलेले आहेत.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. ब्रॅक्टन कोणताही जुना निवाडा घेत नाहीं. तो निवडून घेतो. पॅटिशलचा निवाडा घ्यावयाचा तो पॅटिशल शहाणा होता म्हणून; केवळ आधीं होऊन गेला म्हणून नव्हे. नवें प्रकरण जुन्या एखाद्या प्रकरणासारखें असेल तर सारख्यावरून सारख्याकडे जाण्याची ती चांगली संधि समजावी, अशा आशयाचें तो लिहितो. संधि आणि सक्ति यांतील अंतर त्याला पुरेपूर ठाऊक होतें. आणखी असें, कीं ही रीत तेव्हां सर्वांना साध्य नव्हती. राजाच्या न्यायालयांचीं दप्तरें 1194 पासूनचीं आज उपलब्ध आहेत. चामड्याच्या लांब पट्ट्यांवर लॅटिनमध्यें लिहिलेलीं तीं भेंडोळीं राजाच्या खजिन्यांत पडून असत. ब्रॅक्टन स्वतः न्यायाधीश होता, म्हणून तीं त्याच्या हातीं आलीं; आणि 1258 मध्यें तीं खजिन्यांत परत करण्याचा हुकूमही त्याला झाला. सामान्य वकिलाच्या दृष्टीस तीं पडण्याचा संभव फार थोडा. शिवाय त्यांत पक्षकारांचीं नांवें, मागणी, जबाब व निकाल एवढेंच असे. निकाल कां दिला, हें नसे. कारण गाळून निकाल तेवढा सांगणारा दाखला म्हणजे पत्ता नसलेलें पत्रच म्हणावयाचें. ब्रॅक्टनचा प्रयोग त्यामुळें एकाकी राहिला, आणि पुढें दोनतीनशें वर्षांत तसा दुसरा कोणीं केला नाहीं.

दप्तरानें गाळलेली वस्तु ज्यांनीं जतन केली, त्या पुस्तकांना यिअर-बुकें म्हणतात. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत तीं सुरू होतात आणि 1535 मध्यें थांबतात. लिहिणारे अनाम, भाषा इंग्रज वकिलांची मोडकीतोडकी फ्रेंच. बोस्टन विद्यापीठांतील एका प्राध्यापकानें छापील यिअर-बुकांतील प्रकरणांची जी सूचि अलीकडे सिद्ध केली आहे, तींत वीस हजारांहून अधिक नोंदी आहेत. वेस्टमिन्स्टरच्या विशाल दालनांत न्यायाधीश बसत, पुढें सार्जंट नांवाचे वरिष्ठ वकील उभे राहत, आणि बाजूला शिकाऊ मंडळी कान टवकारून ऐकत. या शिकाऊ मंडळींनीं घेतलेलीं टिपणें म्हणजेच मूळचीं यिअर-बुकें असावींत, असें मेटलंडनें सुचविलें. 1887 सालीं स्थापन झालेल्या सेल्डन सोसायटीनें 1903 पासून दुसऱ्या एडवर्डच्या कारकीर्दीचीं यिअर-बुकें त्याच्या संपादकत्वाखालीं प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. तीं चाळतांना या मताला बळकटी येते. कारण निकाल काय लागला याची टिपणकाराला बहुधा फिकीरच नसते. पुष्कळदां तो सांगावयाचाच राहून जातो. त्याला हवा असतो डाव आणि प्रतिडाव: कोणता मुद्दा घातला, कोणीं तो कसा उडविला, न्यायाधीश कशानें चिडला, कशानें हंसला. एकाच खटल्याच्या दोन प्रतींत बोलणाऱ्यांचीं नांवेंही कधीं कधीं जुळत नाहींत. प्रमाणग्रंथ म्हणून हें मोठें वैगुण्य. परंतु बोलत्या माणसांचें चित्र म्हणून असें लेखन त्या काळच्या दुसऱ्या कोणत्या देशांत इतक्या विपुलतेनें सांपडेल, याची आम्हांस शंका आहे.

एक नमुना सांगतों. विल्यम बेरफर्ड हा 1309 पासून 1326 पर्यंत कॉमन प्लीज या न्यायालयाचा मुख्य न्यायाधीश होता. एका खटल्यांत हुकूमनाम्याच्या शब्दांवर वाद चालला असतां त्यानें एक आठवण सांगितली. अल्बेमार्लच्या काउंटेसला पहिल्या एडवर्ड राजासमोर बोलाविलें होतें. पण कोणत्या आरोपाचें उत्तर द्यावयाचें, तें आज्ञापत्रांत लिहिलेलें नव्हतें. न्यायाधीशांत मतभेद झाला. कोणालाही राजाच्या न्यायालयांत बेसावध गांठतां कामा नये, असें हेंगम म्हणाला. अखेर राजा स्वतः उठला आणि तुमच्या वादाशीं मला कर्तव्य नाहीं, पण येथून उठण्यापूर्वीं मला धड आज्ञापत्र करून द्या, असें शपथ घालून म्हणाला. बेरफर्डनें सांगितलेली ही गोष्ट म्हणजे दाखलाच होय. पण तो सांगतांना त्यानें पान उघडलें नाहीं, कीं तारीख सांगितली नाहीं. डोळ्यांदेखत घडलेलें त्यानें सांगितलें, आणि त्यांतून न्यायाचें एक तत्त्व श्रोत्यांच्या मनावर ठसविलें. त्या काळीं दाखल्याचें वसतिस्थान पुस्तक नव्हतें. वडील मंडळींची स्मृति हें होतें. म्हणून एखादा न्यायाधीश वकिलाला खुशाल सांगे, कीं या कायद्याचा अर्थ आम्हांला शिकवूं नका. तो आम्हींच केला आहे. 1305 च्या सुमारास हेंगमनें एकदां असेंच एका वकिलाला गप्प बसविलें होतें.

मग पुढें होणाऱ्या खटल्यांचा विचार हे लोक करीतच नसत काय? करीत असत, आणि चांगल्या जाणतेपणानें करीत. 1304 सालीं एका प्रकरणांत विल्यम हर्ल नांवाच्या वकिलानें न्यायाधीशांना बजावलें, कीं आपण आतां जो निवाडा द्याल, तो बिशपानें पाद्रीची नेमणूक नाकारल्याच्या इंग्लंडांतील अशा प्रत्येक दाव्यांत यापुढें प्रमाण म्हणून पुढें केला जाईल. हें नांव वाचकांनीं लक्षांत ठेवावें. तें पुढें पुन्हां येणार आहे. त्याहून मार्मिक संवाद 1345 मधला. थॉर्प नांवाच्या वकिलानें न्यायाधीशांना म्हटलें, कीं अशाच प्रकरणांत इतरांनीं जें केलें तेंच आपणही कराल असें मला वाटतें. नाहीं तर कायदा काय आहे तें आम्हांला कळणार कसें? हिलरी नांवाचा न्यायाधीश उत्तरला, कीं कायदा म्हणजे न्यायाधीशांची इच्छा. त्यावर मुख्य न्यायाधीश स्टोनर ताडकन् म्हणाला, कीं नव्हे, जें न्याय्य व सयुक्तिक तोच कायदा.

या तीन माणसांच्या तीन वाक्यांत साऱ्या प्रश्नाची मांडणी होऊन गेली आहे, असें आम्हांस वाटतें. थॉर्पचें म्हणणें पक्षकाराचें म्हणणें आहे: शेजाऱ्याच्या भांडणांत जो न्याय लावला तोच माझ्याही भांडणांत लावा, म्हणजे मला निदान काय धरून चालावें तें समजेल. हिलरीचें म्हणणें सत्तेचें आहे. तें विनोदानें आलें असेल, पण विनोदांत पुष्कळदां खरें बोलून जातें. आणि स्टोनरचें म्हणणें विवेकाचें आहे. दाखल्याचा खरा उपयोग हिलरीपासून थॉर्पचें संरक्षण करण्याचा होय. परंतु तो स्टोनरच्या हातून व्हावा लागतो. विवेक सुटला, तर मागील निवाडा म्हणजे मागील न्यायाधीशाची इच्छा एवढाच अर्थ उरेल, आणि हिलरीच मागल्या दारानें आंत येईल.

पंधराव्या शतकांत पुस्तकाचें वजन वाढलेलें दिसतें. 1454 च्या सुमारास प्रिझट या मुख्य न्यायाधीशानें एका मुद्यावर असें कारण दिलें, कीं आजवर पुस्तकांतून वारंवार जसें ठरलें आहे त्याच्या उलट आम्हीं आज ठरविलें, तर शिकणाऱ्या तरुणांचा आपल्या पुस्तकांवर विश्वास उरणार नाहीं. हें कारण आम्हांला फार मनोज्ञ वाटतें. मागील न्यायाधीश आपल्याहून मोठे होते असें प्रिझट म्हणत नाहीं. कोपऱ्यांत बसून टिपणें घेणाऱ्या पोरांशीं आपण प्रामाणिक राहिलें पाहिजे, असें तो म्हणतो. पुढें 1480 नंतर हीं पुस्तकें छापून निघूं लागलीं, आणि सोळाव्या शतकांत टॉटेलसारख्या मुद्रकांच्या आवृत्त्यांनीं त्यांच्या पानांचे आंकडेही पुष्कळसे स्थिर झाले. अमक्या राजाचें अमकें वर्ष, अमकें पान, असें म्हटलें कीं वादी, प्रतिवादी व न्यायाधीश या तिघांना एकच मजकूर पाहतां येऊं लागला. फिट्झहर्बर्टनें 1514 ते 1516 या काळांत आपला प्रचंड सारसंग्रह प्रसिद्ध करून सुमारें चौदा हजार नोंदी विषयवार लावून दिल्या. सोय मोठी झाली. पण खटल्याचें अंग गळून सारांश तेवढा हातीं राहण्याची संवयही येथूनच लागली.

या संवयीला उत्तम उतारा एडमंड प्लाउडन यानें दिला. त्याचा निवाडसंग्रह 1571 सालीं निघाला. तो प्रसिद्ध करण्याची त्याची इच्छा नव्हती. परंतु स्नेह्यांना वाचावयास दिलेल्या प्रतीच्या कारकुनांनीं घाईघाईनें अशुद्ध नकला केल्या आणि त्या मुद्रकांच्या हातीं पडल्या, तेव्हां त्याला स्वतःच पुढें व्हावें लागलें. प्लाउडननें कायद्याचा प्रश्न निर्भेळ उपस्थित झाला व ज्यांत न्यायाधीशांनीं विचारपूर्वक निर्णय दिला, अशींच प्रकरणें निवडलीं. कैफियती पूर्ण दिल्या. दोन्ही बाजूंचे युक्तिवाद सविस्तर मांडले. आणि जाणत्या न्यायाधीशांना व वकिलांना दाखवून मजकूर पडताळून घेतला. यिअर-बुकांतील खुमारी त्यांत नाहीं. तेथें कोणी चिडत नाहीं, कोणी हंसत नाहीं. वाक्यें जड व संथ चालतात. परंतु वाचकाला फसविण्याचा लवलेशही त्यांत नाहीं. निवाड्याचें वृत्त कसें लिहावें याचा वस्तुपाठ म्हणून आम्ही प्लाउडनलाच पहिला मान देऊं.

लोकांनीं मात्र तो मान सर एडवर्ड कोक याला दिला. त्याच्या संग्रहाचे अकरा भाग 1600 पासून 1615 पर्यंत त्याच्या हयातींत निघाले व आणखी दोन मरणोत्तर. इतर संग्रहांना त्यांच्या कर्त्यांचीं नांवें लावावीं लागतात. कोकच्या संग्रहाला वकीलवर्ग नुसतें ‘रिपोर्ट्‌स’ म्हणे. त्याची विद्वत्ता अफाट होती यांत वाद नाहीं. एका लहानशा प्रश्नावर तो तीन शतकांचे निवाडे पोतडींतून काढल्यासारखे काढून पुढें ओततो. राजा पहिला जेम्स याच्या लहरीपुढें कायद्याची भिंत उभारतांना त्यानें हेच जुने दगड वापरले, आणि त्यापायीं 1616 मध्यें न्यायाधीशपदही गमावलें. त्या वेळीं आपल्या संग्रहांतील चुका शोधून दुरुस्त कराव्या असा हुकूम त्याला झाला. त्यानें पांचच किरकोळ चुका कबूल केल्या. त्याच्या धैर्याबद्दल आम्हांस आदरच आहे. पण टीकाकाराचें काम धैर्याबरोबर संपत नाहीं. कोक वृत्त सांगतो कोठवर आणि स्वतःचें मत सांगतो कोठून, ही रेघ त्याच्या पानांत सांपडत नाहीं, हा त्याच्या लेखनाचा मोठा दोष होय.

याचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण 1610 मधील डॉक्टर बोनमच्या खटल्याचें. लंडनच्या वैद्यमंडळानें परवान्यावांचून धंदा केल्याबद्दल बोनमला कैदेंत टाकलें. त्यानें उलट फिर्याद केली. पार्लमेंटचा एखादा कायदा न्यायाला व विवेकाला सोडून असेल तर देशाचा सामान्य कायदा त्याला आवरील, अशा आशयाचें मत कोकनें तेथें नोंदविलें आणि आधारासाठीं जुने दाखले दिले. त्यांतील पहिला ट्रेगरच्या खटल्याचा, 1334 सालचा. त्यांत बोलणारा मुख्य न्यायाधीश कोण? तोच विल्यम हर्ल, ज्यानें तीस वर्षांपूर्वीं वकील म्हणून न्यायाधीशांना त्यांच्या निवाड्याच्या भावी वजनाची आठवण दिली होती. जुन्या पुस्तकांत हर्ल एवढेंच म्हणतो, कीं कांहीं कायदे असे होतात कीं ते करणारालाच ते अमलांत आणावयाचे नसतात. कोकच्या उताऱ्यांत ते कायदे न्यायाविरुद्ध व हक्काविरुद्ध केलेले, असा मजकूर आणखी येऊन बसला आहे. मूळ वाक्यांत त्याचा मागमूस नाहीं. कोकला त्या खटल्यांत नेमकें काय म्हणावयाचें होतें याविषयीं पंडितांत आजही एकमत नाहीं; तें असो. अडीचशेंहून अधिक वर्षांपूर्वीं मेलेल्या माणसाच्या तोंडीं न बोललेले शब्द घालण्यांत आले, एवढें मात्र दोन पानें शेजारीं ठेवून कोणालाही पाहतां येतें. आणि याच खटल्याचा हवाला पुढें 1761 सालीं बोस्टनमध्यें जेम्स ओटिसनें इंग्रज सरकारच्या झडतीच्या हुकमांविरुद्ध बोलतांना दिला. म्हणजे त्या भराऊ शब्दांतून स्वातंत्र्याचें बीज निघालें. परिणाम चांगला निघाला म्हणून साक्ष बदलणें क्षम्य ठरतें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. कोकनें आपलें मत आपल्या नांवावर मांडलें असतें, तर तें तितकेंच तेजस्वी दिसलें असतें.

दुसरें उदाहरण घरगुती व्यवहाराचें आहे, आणि त्याचा शेवट आमच्या देशांत होतो. 1602 सालीं पिनेलनें कोल नांवाच्या ऋणकोवर साडेआठ पौंडांच्या कर्जाचा दावा केला. मुदतीपूर्वींच पांच पौंड, दोन शिलिंग व दोन पेन्स घेऊन पिनेलनें सारें कर्ज फिटलें असें मानलें, असा कोलचा जबाब होता. न्यायालयानें म्हटलें, कीं ठरल्या दिवशीं थोडी रक्कम देऊन मोठें कर्ज फिटूं शकत नाहीं. मात्र घोडा, ससाणा किंवा झगा दिला तर फिटेल, कारण धनकोला त्याची गरज पैशाहून अधिक असूं शकेल. आतां मौज अशी, कीं कोलनें रक्कम ठरल्या दिवसाआधीं दिली होती, आणि तो हरला तो कैफियत नीट मांडली नाहीं म्हणून. पहिला नियम निकालाला आवश्यक नव्हता. तरी कोकनें तो नोंदविला, आणि 1884 सालीं हाउस ऑफ लॉर्ड्‌सनें फोक्स विरुद्ध बिअर या खटल्यांत त्याच्यापुढें मान तुकविली. लॉर्ड ब्लॅकबर्नला तो नियम व्यवहाराला सोडून वाटत होता. त्यानें विरुद्ध मत लिहूनही ठेवलें होतें. पण अखेर त्यानें आग्रह धरला नाहीं. इकडे हिंदुस्थानांत बारा वर्षें आधींच, 1872 च्या करारांच्या कायद्याच्या 63 व्या कलमानें, धनकोनें राजीखुषीनें कमी रक्कम घेऊन कर्ज फिटलें म्हटलें तर तें फिटलेंच, असें ठरवून टाकलें होतें. पांच हजारांच्या ऐवजीं दोन हजार घेऊन बेबाकी झाल्याचें उदाहरणही तेथें दिलेलें आहे. ज्या गोष्टी आमच्या बाजारपेठेंतील कोणताही व्यापारी सहज समजतो, त्या समजण्यास तेथील दाखल्यानें न्यायाधीशांना मना केलें.

सतराव्या शतकांतील जाणत्या लोकांनीं हा धोका ओळखला होता. मॅथ्यू हेलच्या मतें निवाडे कायदा निर्माण करीत नाहींत. कायदा काय आहे याचा ते सबळ पुरावा मात्र होत. 1673 सालीं मुख्य न्यायाधीश वॉननें स्पष्ट सांगितलें, कीं दुसऱ्या न्यायालयाचा निवाडा कायद्याला धरून आहे असें आम्हांस वाटेल तरच आम्ही त्याच्यामागें जाऊं. आणि निकालाला अनावश्यक असें मत तर निवाडाच नव्हे. पुढें निकृष्ट संग्रहांचा सुळसुळाट झाला, तेव्हां 1704 मध्यें मुख्य न्यायाधीश होल्टनें चरफडून म्हटलें, कीं हीं गचाळ टिपणें पुढील पिढ्यांना आम्ही मठ्ठ होतों असें भासवितील. आणि 1726 सालीं स्विफ्टनें गलिव्हरच्या तोंडून वकिलांची जी थट्टा केली, तींत एकदां झालेला अन्याय पुन्हां करण्याची सनद म्हणजे दाखला, असाच रोख आहे. दाखल्याची बेडी झाली ती यानंतर, अधिकृत व विश्वसनीय संग्रह 1865 पासून निघूं लागल्यावर. 1898 सालीं हाउस ऑफ लॉर्ड्‌सनें स्वतःला स्वतःच्या निवाड्यांनीं बांधून घेतलें, आणि 1966 सालीं ती गांठ स्वतःच सैल केली. आमच्या सर्वोच्च न्यायालयानें तर 1955 सालींच आपला निवाडा आपण फिरवूं शकतों असें ठरविलें. अनादि म्हणून जिचा धाक वाटतो ती कडक रीत तिच्या मायदेशांत सत्तर वर्षेंही धड टिकली नाहीं.

एवढ्यावरून दाखले टाकून द्यावे, असें आमचें म्हणणें आहे असा कोणी समज करून घेऊं नये. थॉर्पचा प्रश्न आजही खरा आहे. जिल्ह्याच्या कोर्टांत शेताच्या बांधासाठीं बारा वर्षें खेपा घालणाऱ्या माणसाला शेजारच्या तालुक्यांतील तशाच माणसाहून निराळा न्याय मिळाला, तर त्यानें कायद्यावर विश्वास कशाला ठेवावा? आमची तक्रार दाखला वाचण्याच्या रीतीविषयीं आहे. आज यंत्रावर दोन शब्द टाकले, कीं हजारों निवाड्यांतून हवें तें वाक्य क्षणांत समोर येतें; त्या वाक्याआधीं कोणती हकीकत होती, तें निकालाला आवश्यक होतें कीं ओघांत आलेलें, हें पाहण्यास कोणी थांबत नाहीं. कोकला एक वाक्य वाढवावयास निदान लेखणी उचलावी लागली. आतां मागचीं पुढचीं पानें न उलगडतांच तोच परिणाम साधतो. म्हणून कायद्याच्या विद्यार्थ्यांना आमची विनंति अशी, कीं त्यांनीं वर्षांतून निदान एकदां प्लाउडनच्या संग्रहांतील एक प्रकरण पहिल्या कैफियतीपासून अखेरच्या निकालापर्यंत वाचावें, आणि मग यिअर-बुकाचें एखादें पान उघडून त्या कोपऱ्यांतल्या शिकाऊ पोराच्या कानांनीं बेरफर्डचें बोलणें ऐकावें. न्यायाधीशांनीं काय केलें हें दप्तर सांगेल. कां केलें हें विचारावयाची संवय त्यांना हीं जुनीं पुस्तकें लावतील, आणि ती लागली म्हणजे स्टोनरचें उत्तर त्यांना निराळें पाठ करावें लागणार नाहीं.